गॅरी स्नायडर : अमेरिकन कवी, प्राध्यापक आणि शीलाचा प्रश्न

पाश्चात्त्य देशांतील बौद्धांविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आढळतात. धम्म अमेरिकेपर्यंत पोहोचला, एवढ्यानेच काही उपासकांना धन्यता वाटते. उलट काहींच्या मते तेथील बौद्ध म्हणजे भरल्या पोटी मनःशांतीसाठी डोळे मिटून बसणारे सुखवस्तू लोक. दोन्ही समजुतींना काही आधार आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु या दोन्हींत न बसणारा एक कवी अमेरिकेत आहे आणि त्याचा परिचय मराठी बौद्ध वाचकांस व्हावा, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. कवीचे नाव गॅरी स्नायडर. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे चार प्रश्न उपस्थित केले, त्यांतील शेवटचा भिक्खूविषयी आहे. तथागतांनी भिक्खुसंघ निर्माण केला तो परिपूर्ण मानव घडविण्यासाठी की समाजसेवक घडविण्यासाठी? हा ग्रंथ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, जपानमधील एका झेन विहाराच्या परिसरात राहून, स्नायडर यांनी जवळजवळ हाच प्रश्न समग्र बौद्ध परंपरेला विचारला. हा प्रश्न त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे पाहण्यासाठी त्यांचे चरित्र थोडे तपशिलाने पाहावे लागेल.

स्नायडर यांचा जन्म ८ मे १९३० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. तो महामंदीचा काळ होता. कुटुंब लवकरच वॉशिंग्टन राज्यात, सिॲटल शहराच्या उत्तरेस एका लहानशा शेतावर राहावयास गेले. काही गाई, कोंबड्या आणि देवदाराच्या लाकडाच्या फळ्या काढून विकणे, एवढाच निर्वाह होता. घरात समाजवादी आणि कामगार-चळवळीचे वातावरण होते. सातव्या वर्षी पाय भाजल्यामुळे त्यांना कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागले आणि त्या काळात सार्वजनिक ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांनी त्यांना वाचनाची गोडी लावली. १९४२ मध्ये कुटुंब पोर्टलंडला आले. पुढे आईवडील विभक्त झाले.

पंधराव्या वर्षाचा एक प्रसंग त्यांनी पुढे ‘डेंजर ऑन पीक्स’ या २००४ च्या संग्रहात सांगितला आहे. १३ ऑगस्ट १९४५ रोजी ते सेंट हेलेन्स हा बर्फाच्छादित ज्वालामुखी पर्वत प्रथमच चढले. खाली उतरल्यावर, डोंगराळ भागात एक दिवस उशिरा येणारी वर्तमानपत्रे त्यांनी पाहिली. त्यांत हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांची छायाचित्रे होती. या विध्वंसक सत्तेशी जन्मभर झुंजण्याची शपथ त्या मुलाने पर्वताला साक्षी ठेवून घेतली. स्नायडर बौद्ध कसे झाले, या प्रश्नाचे उत्तर अनेक टीकाकार झेन ग्रंथांत शोधतात. आम्हांस ते या छायाचित्रांपाशी सुरू झालेले दिसते. दुःखाचे कारण मनात आहे, हे त्यांना पुढे कळले. दुःखाचे कारण राज्यसंस्थेतही आहे, हे मात्र त्यांना आधीच कळले होते.

पोर्टलंडच्या रीड कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकून १९५१ मध्ये त्यांनी मानववंशशास्त्र आणि साहित्य या विषयांत पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हायडा या आदिवासी जमातीची एक पुराणकथा. इंडियाना विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासासाठी नाव घातले, पण एका सत्रातच तो मार्ग सोडला. त्यानंतरची काही वर्षे अंगमेहनतीची आहेत. तोडलेल्या ओंडक्यांची मोजदाद, ओंडके ओढण्यासाठी त्यांना लोखंडी दोर अडकविणे, १९५२ आणि १९५३ च्या उन्हाळ्यांत डोंगरमाथ्यावरील चौकीत बसून वणव्यावर पहारा ठेवणे, अशी ती कामे होती. विद्यार्थिदशेत जहाजावर काम मिळावे म्हणून ते खलाशी-आचाऱ्यांच्या एका डाव्या संघटनेचे सभासद झाले होते. मॅकार्थी काळात तेवढे पुरेसे ठरले. १९५४ मध्ये पहाऱ्याचे सरकारी काम त्यांना नाकारण्यात आले आणि पुढे जपानला जाण्यासाठी पारपत्र मागितले, तेव्हा आपण साम्यवादी असल्याचा आरोप आहे, असे उत्तर मिळाले. न्यायालयाच्या एका निर्णयानंतर सरकारला धोरण बदलावे लागले, तेव्हा कोठे पारपत्र हाती आले.

१९५५ च्या उन्हाळ्यात योसेमिटी येथील पायवाटा दुरुस्त करणाऱ्या टोळीत त्यांनी काम केले. निसरड्या खडकाच्या चढावर घोड्यांचे पाय ठरावेत म्हणून धोंडे एकमेकांत घट्ट बसवून वाट बांधतात, त्या कामाला तेथे ‘रिपरॅप’ म्हणतात. हेच नाव त्यांच्या १९५९ च्या पहिल्या कवितासंग्रहाला मिळाले. शब्द धोंड्यांसारखे एकेक करून हातांनी बसवावेत, ही त्यांची काव्यदृष्टी या वेठीतून नव्हे, श्रमातून आली. ‘वेठ’ हा शब्द येथे आम्ही मुद्दाम आणला आहे. त्यामागचा भेद पुढे स्पष्ट होईल.

याच काळात ते बर्कले येथील विद्यापीठात चिनी आणि जपानी भाषा शिकत होते. प्राध्यापक चेन शिह-श्यांग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हानशान या प्राचीन चिनी कवीच्या कवितांचे भाषांतर केले. बर्कलेतील जोदो शिन्शू पंथाच्या बौद्ध विहारातील अभ्यासवर्गालाही ते जात. हा विहार जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांचा होता. दुसऱ्या महायुद्धात केवळ वंशाच्या कारणावरून ज्या सुमारे १,२०,००० लोकांना काटेरी तारांमागील छावण्यांत डांबले गेले, तो हा समाज. या विहाराच्या ‘बर्कले बुस्सेइ’ या नियतकालिकात स्नायडर यांच्या आरंभीच्या कविता छापून आल्या. अमेरिकन बौद्ध साहित्याचा इतिहास लिहिणारे बहुधा ७ ऑक्टोबर १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीत झालेल्या काव्यवाचनापासून आरंभ करतात. तेथे ॲलन गिन्सबर्ग यांनी ‘हाऊल’ वाचली, स्नायडर यांनीही आपली कविता वाचली आणि बीट पिढी म्हणून त्यांची ख्याती झाली. जॅक केरुअक यांच्या १९५८ च्या ‘द धर्मा बम्स’ या कादंबरीतील जॅफी रायडर हे पात्र स्नायडर यांच्यावर बेतलेले आहे. परंतु अपमानित समाजाने चालविलेल्या विहाराच्या छोट्या मासिकाचे ऋण या इतिहासात क्वचितच नोंदले जाते. विहारांच्या नियतकालिकांना वर्गणीदार मिळविताना काय यातायात पडते, हे आपणांस ठाऊकच आहे. म्हणून ही नोंद.

मे १९५६ मध्ये स्नायडर क्योतोला गेले. मधल्या काळात एका तेलवाहू जहाजाच्या इंजिनघरात काम करून, जगभर फिरून ते परत आले. त्यानंतर दाइतोकुजी विहारात ओदा सेस्सो या आचार्यांकडे, १९६६ मध्ये आचार्यांचे निधन होईपर्यंत, त्यांनी झेन साधना केली. ही साधना सुट्टीतील शिबिरासारखी नव्हती. पहाटे उठणे, ध्यान, आचार्यांसमोर प्रश्नोत्तरे, झाडलोट आणि शेतातील काम अशी ती कठोर दिनचर्या होती.

या साधनेच्या ऐन मध्यावर, १९६१ मध्ये, त्यांनी ‘बुद्धिस्ट अनार्किझम’ हा छोटा निबंध लिहिला. सुधारून तो १९६९ च्या ‘अर्थ हाउस होल्ड’ या गद्यग्रंथात वेगळ्या शीर्षकाने आला. निबंधाचा आशय असा : अज्ञान आणि दुःख यांना समाजरचना किती प्रमाणात कारणीभूत असते, याचे विश्लेषण बौद्ध तत्त्वज्ञांनी केले नाही. संस्थाबद्ध बौद्ध धर्म ज्या राज्यात राहिला, त्या राज्यातील विषमता आणि जुलूम त्याने मुकाट्याने स्वीकारले. असे करणे म्हणजे करुणेचाच मृत्यू होय. पश्चिमेने जगाला सामाजिक क्रांती दिली, पूर्वेने अंतर्दृष्टी दिली, आणि माणसाला दोन्हींची गरज आहे. हे सारे त्यांनी विहाराच्या दाराबाहेर उभे राहून नव्हे, आत बसून लिहिले, हे लक्षात घ्यावे. जपानच्या अनेक झेन आचार्यांनी युद्धखोर साम्राज्यशाहीला कसा आशीर्वाद दिला होता, याचा सविस्तर पुरावा ब्रायन व्हिक्टोरिया यांच्या ‘झेन ॲट वॉर’ या ग्रंथाने १९९७ मध्ये पुढे आणला. स्नायडर यांचा आक्षेप त्याच्या छत्तीस वर्षे आधीचा आहे.

पालीचे अभ्यासक म्हणून आम्हांस या निबंधातील एक विधान मान्य करता येत नाही. स्नायडर यांचे अध्ययन चिनी आणि जपानी महायान परंपरेतील. त्यामुळे निकायांतील सामाजिक विचार त्यांच्या हिशेबात आला नाही, असे दिसते. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या अशी कारणपरंपरा स्पष्ट मांडली आहे. तेथे दोष चोराच्या पूर्वकर्माचा नाही, राजाच्या कर्तव्यच्युतीचा आहे. कूटदंत सुत्तात शिक्षेने चोर संपत नाहीत, बी-बियाणे, भांडवल आणि वेतन दिल्याने संपतात, असे सांगितले आहे. अग्गञ्ञ आणि वासेट्ठ ही सुत्ते आपल्या वाचकांस परिचित आहेतच. तेव्हा विश्लेषण झालेच नाही, असे म्हणता येणार नाही. ते झाले होते आणि नंतरच्या परंपरेने ते बाजूस सारले. दोष तथागतांकडून उत्तरकालीन संघाकडे सरकतो, एवढाच याचा अर्थ. स्नायडर यांचा मूळ आक्षेप त्यामुळे अधिक तीक्ष्ण होतो.

याच निबंधातील दुसरा मुद्दा मात्र आम्हांस मोलाचा वाटतो. त्रिशिक्षेचा क्रम आपण शील, समाधी, प्रज्ञा असा सांगतो. स्नायडर तो उलटा मांडतात. आधी प्रज्ञा, मग ध्यान आणि शेवटी शील. शील म्हणजे जे पाहिले ते आपल्या वर्तनातून आणि जबाबदार कृतीतून समाजात परत आणणे, खऱ्या अर्थाने संघ उभारणे. शील येथे साधनेची पहिली पायरी राहत नाही, साधनेची फलश्रुती होते. हे परंपरेला सोडून आहे काय? अष्टांगिक मार्गाचा आरंभ सम्मादिट्ठीने, म्हणजे प्रज्ञेनेच होतो. शिवाय सोणदंड सुत्तात हाताने हात धुवावा तसे शीलाने प्रज्ञा आणि प्रज्ञेने शील शुद्ध होते, अशी उपमा आहे. दोहोंत पहिले कोणते, हा वाद तेथेच मिटला आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली, तेव्हा त्यांचाही भर शीलाने घडणाऱ्या समाजपरिवर्तनावर होता. क्रांती हवी, परंतु ती माणसाच्या मनाच्या संमतीने टिकावी, हा तो भर. स्नायडर यांनी हे भाषण वाचले होते, असा दावा आम्ही करीत नाही. दोन वेगळ्या वाटांनी दोन माणसे एकाच चढावर येतात, हे अधिक अर्थपूर्ण आहे.

आता एका चुकामुकीकडे वळू. १९६१ च्या अखेरीस आपल्या पत्नी, कवयित्री जोआन कायगर, यांच्यासह स्नायडर श्रीलंकामार्गे भारतात आले. १९६२ मध्ये गिन्सबर्ग त्यांना येऊन मिळाले. आश्रम, प्राचीन बौद्ध स्थाने आणि धरमशाळेतील तिबेटी निर्वासित हे त्यांच्या प्रवासाचे मुख्य टप्पे होते. दलाई लामांची भेटही झाली. या प्रवासाचे वर्णन १९८३ च्या ‘पॅसेज थ्रू इंडिया’ या पुस्तकात आहे. वेरूळच्या लेण्यात बसून स्नायडर यांनी प्रज्ञापारमिताहृदयसूत्राचे चिनी-जपानी उच्चारांत पठण केले आणि दगडात घुमलेला तो आवाज गिन्सबर्ग यांच्या कायम स्मरणात राहिला. मूळ संस्कृत सूत्र चीन-जपानची वाट चालून एका लाकूडतोड्या अमेरिकन कवीच्या मुखाने वेरूळात परत यावे, ही घटना रोमांचक खरीच. परंतु या लेण्यांपासून अवघ्या तीसेक किलोमीटरांवर, तेव्हाच्या औरंगाबादेत, बाबासाहेबांनी १९५० मध्ये स्थापन केलेले मिलिंद महाविद्यालय होते. तेथे खेड्यापाड्यांतून आलेली, नुकतीच बुद्धाला शरण गेलेली मुले शिकत होती. नागपूरच्या धम्मदीक्षेला सहा वर्षेही झाली नव्हती. करुणा आणि सामाजिक क्रांती यांचा मेळ घालणारा बौद्ध धर्म ज्याला हवा होता, तो कवी त्या धर्माच्या जिवंत प्रयोगाशेजारून लेण्यांकडे गेला. यात स्नायडर यांना दोष देण्यासारखे फार नाही. भारतातील बौद्ध धर्म म्हणजे अवशेष, हीच समजूत त्या काळी परदेशी अभ्यासकांत सर्वत्र होती आणि आपल्या विद्यापीठांनी तरी ती दूर करण्यासाठी काय केले?

१९६८ च्या अखेरीस, तिसऱ्या पत्नी मासा आणि मुलगा काइ यांच्यासह ते अमेरिकेस परतले. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, सॅन वॉन रिज येथे, मित्रांसह घेतलेल्या जमिनीवर १९७० मध्ये त्यांनी स्वतःच्या आणि मित्रांच्या हातांनी घर बांधले. तेथील एका झुडपाचे आदिवासी नाव, ‘किटकिटडिझी’, त्यांनी घराला दिले. एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी पाण्याच्या प्रचंड झोतांनी डोंगर फोडून हा प्रदेश उजाड केला गेला होता. माणसाने एका जागी मुळे रोवावीत, आपल्या नदीच्या पाणलोट क्षेत्राला आपला देश मानावे, गरजा कमी कराव्यात, हा त्यांचा विचार येथे पक्व झाला. ‘टर्टल आयलंड’ या १९७४ च्या संग्रहाला १९७५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अवतंसक सूत्रातील इंद्रजालाची कल्पना, म्हणजे प्रत्येक रत्नात इतर सर्व रत्नांचे प्रतिबिंब, त्यांनी अरण्यातील परस्परावलंबनाला लावली. पटिच्चसमुप्पादाचा हा विस्तार सुंदर आहे, जरी निकायांत पटिच्चसमुप्पाद मुख्यतः दुःखाची उत्पत्ती आणि निरोध सांगण्यासाठी येतो, सृष्टीच्या सौंदर्यासाठी नव्हे.

येथेच आंबेडकरी वाचकाचे पाऊल अडखळेल, आणि ते अडखळावे. ज्याने ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण वाचले आहे, त्याला गावाविषयीचे बाबासाहेबांचे मत ठाऊक आहे. गाव हे त्यांच्या दृष्टीने संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर होते, म्हणून संविधानाचा घटक त्यांनी गाव न मानता व्यक्ती मानला. आपल्या आजोबा-पणजोबांना जागा ठरवून दिलेली होती, ती गावकुसाबाहेर. मुळे रोवणे म्हणजे त्यांच्यासाठी वेठ आणि बलुते. गाव सोडणे हीच त्यांची मुक्ती ठरली. स्नायडर स्वेच्छेने गरिबी पत्करतात. ज्याला शहरात परत जाण्याची वाट मोकळी आहे, त्याची ती गरिबी आहे. अंगुत्तरनिकायातील इण सुत्तात तथागतांनी गृहस्थाचे दारिद्र्य हे दुःखच आहे, असे निःसंदिग्ध सांगितले आहे. भिक्खूची अल्पेच्छता आणि गृहस्थावर लादलेली विपन्नता यांची गल्लत त्यांनी कधीच केली नाही. स्नायडर यांच्या लेखनात हा भेद पुरेसा ठसठशीत होत नाही, असे आमचे मत आहे.

हाच आक्षेप त्यांच्या देशातूनही वेगळ्या रूपात आला. लगूना पुएब्लो समाजातील कादंबरीकार लेस्ली मार्मन सिल्को यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात विचारले की, गोऱ्या कवींनी आदिवासींच्या कथा, गीते आणि प्रतीके आपली म्हणून कशी घ्यावीत आणि ज्या भूमीवर ते नवे नाते सांगतात, ती हिसकावून घेतलेली आहे, हे कसे विसरावे? आमच्या वतीने बोलू नका, आमचे आम्हांला परत द्या, हा स्वर दलित साहित्याच्या वाचकाला नवा नाही. स्नायडर यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की, ते त्या जमिनीवर पाहुणे म्हणून राहिले नाहीत. अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी तेथील अरण्य, नदी आणि शाळा यांच्या स्थानिक कामांत भाग घेतला, शेजाऱ्यांसह ध्यानगृह उभारले, १९९० मध्ये युबा नदीच्या पाणलोटाची संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला. शीलाची जी व्याख्या त्यांनी १९६१ मध्ये केली, ती त्यांनी आपल्यापुरती पाळली.

प्राध्यापकपद त्यांना उशिरा मिळाले. १९८६ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, डॉक्टरेट नसताना, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील इंग्रजी विभागात ते शिकवू लागले आणि २००२ पर्यंत शिकवीत राहिले. निसर्ग आणि संस्कृती यांचा एकत्रित अभ्यासक्रम तेथे उभा करण्यात त्यांचा वाटा होता. शिक्षकपणाविषयीची त्यांची धारणा मात्र नोकरीच्या आधीच, १९८३ च्या ‘ॲक्स हँडल्स’ या संग्रहाच्या शीर्षककवितेत आली आहे. मुलाला कुऱ्हाडीचा दांडा तासायला शिकविताना बापाच्या ध्यानात येते की, नव्या दांड्याचा नमुना हातातल्या कुऱ्हाडीलाच आहे. चिनी ग्रंथकार लू ची याचे हे वचन आपल्याला चेन गुरुजींनी शिकविले, हे आठवून ते परंपरेची साखळी जोडतात. चेन कुऱ्हाड होते, आपण कुऱ्हाड आहोत आणि मुलगा आज दांडा असला, तरी लवकरच तोही कुऱ्हाड होणार आहे. आचरिय आणि अन्तेवासिक यांच्या नात्याचे इतके घरगुती चित्र आधुनिक काव्यात आम्ही दुसरे पाहिलेले नाही. त्यातील गुरू पूजेला बसलेला नाही, लाकूड तासतो आहे.

‘माउंटन्स अँड रिव्हर्स विदाउट एंड’ हे दीर्घकाव्य त्यांनी १९५६ मध्ये आरंभिले आणि १९९६ मध्ये पूर्ण केले. चाळीस वर्षांच्या या कामाला पुढच्या वर्षी बोलिंजन पारितोषिक मिळाले. १९९८ मध्ये जपानच्या बुक्क्यो देंदो क्योकाइ या संस्थेने धम्मप्रसारासाठी त्यांचा गौरव केला. २००८ मध्ये रूथ लिली पारितोषिक मिळाले. समग्र कवितांचा खंड २०२२ मध्ये लायब्ररी ऑफ अमेरिकाने काढला. या दीर्घकाव्याचा परिचय स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

येथे एका उत्तरकालीन कवितेचा उल्लेख करणे अधिक आवश्यक वाटते. १९९१ मध्ये त्यांचा विवाह कॅरोल कोडा यांच्याशी झाला. दीर्घ आजारानंतर २००६ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ‘धिस प्रेझेंट मोमेंट’ या २०१५ च्या संग्रहाच्या शेवटी ‘गो नाऊ’ ही कविता आहे. वाचकाला आधीच सावध करून कवी मृत्यू, शव आणि दहन यांचे वर्णन काहीही न लपविता करतो. सतिपट्ठान सुत्तातील स्मशानभावना ज्याने अभ्यासली आहे, त्याला ही दृष्टी ओळखीची वाटेल. मात्र निष्कर्ष वेगळा आहे. थेरीगाथेतील उब्बिरी कन्येच्या चितेपाशी रडत असते. त्याच स्मशानात जीवा याच नावाच्या चौऱ्याऐंशी हजार कन्या जळल्या, त्यांपैकी कोणासाठी रडतेस, असे तथागत तिला विचारतात आणि तिच्या हृदयातील बाण निघतो. स्नायडर तोच बाण पाहतात. हे आसक्तीचे मोल आहे, हे स्वच्छ शब्दांत मान्य करतात आणि ते मोल देण्याजोगे होते, असे म्हणून बाण तसाच राहू देतात. थेरींच्या मार्गाने पाहता ही अपूर्णता आहे. पण ती गृहस्थाची अपूर्णता आहे आणि पंचाऐंशीव्या वर्षीही या उपासकाने ती झाकून ठेवलेली नाही.